मेथीच्या बदल्यात मेथी

३ सप्टेंबर १९७३, सोमवार

आज ऑफिसात माझ्या तोंडून एक वाक्य निघून गेलं आणि आता ते माघारी घेता येत नाही.

आमचे नवे साहेब जुलैत पुण्याकडून बदलून आले. माणूस वाईट नाही, पण त्यांना बॅडमिंटनचा भारी नाद. सामानात दोन बॅटी आणि एक जाळी घेऊन आले आणि परभणीत बघतात तर खेळायला जागा नाही. क्वार्टरांच्या मागं ऑफिसचं रिकामं रान पडलंय, विहिरीपासून कडुनिंबापर्यंत, ते त्यांच्या डोळ्यात भरलं. आज मला बोलावून म्हणाले, "अनंतराव, तिथे कोर्ट आखायचं आहे. कोपऱ्यातल्या झोपडीतल्या बाईला आठ दिवसांत जागा खाली करायचं पत्र तयार करा."

ती बाई म्हणजे सरजाबाई. पोखर्णीच्या बाजूची. मागल्या साली दुष्काळात खडी फोडायला इकडं आली, आता रोजंदारीवर आमच्या ऑफिसात झाडलोट करते. मागं पुढं कोणी नाही. ती झोपडीच तिचं घर.

मी हेडक्लार्क आहे. बावीस वर्षांत शेकडो पत्रं लिहिली. कार्बन लावला, कागद सरळ केला, "आपणांस कळविण्यात येते की" एवढं लिहिलं आणि पेन पुढं सरकेना. खिडकीतून बाई पायरी झाडताना दिसत होती. शाईत काही बिघाड असावा. मी उठलो, साहेबांच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "साहेब, त्या जागेवर आम्ही अकरा क्वार्टरवाले भाजीपाल्याची बाग करणार आहोत. अन्नधान्याची राष्ट्रीय निकड आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "हे कधी ठरलं?"

"विचाराधीन आहे," मी म्हणालो.

साहेबांनी चष्मा पुसून परत घातला. मग म्हणाले, "सव्वीस डिसेंबरला मी पाहणी करतो. अकरा घरांची भाजी तिथून निघत असेल तर बाग राहील. नसेल तर कोर्ट, आणि बाईनं त्याच दिवशी निघायचं."

मी हे केवळ राष्ट्रीय निकडीपोटी केलं, हे इथं नमूद करून ठेवतो.

४ सप्टेंबर, मंगळवार

घरी सांगितलं. सुमंगला पोळी लाटत होती, ती लाटणं तसंच धरून बसली. "तुमी? बाग? अहो, तुळशीला पाणी घालायला सांगितलं तर तुमी माझ्या पायावर घालता."

हे एकदाच झालं होतं. बायका विसरत नाहीत.

९ सप्टेंबर, रविवार

कडुनिंबाखाली अकरा कुटुंबांची सभा घेतली. सगळे आले, कारण मागलं वर्षभर प्रत्येकाच्या घरी पिठलं शिजलं आहे आणि भाजी हा शब्द ऐकला तरी माणसं उठून येतात. स्टोअरकीपर अप्पारावांनी अध्यक्ष म्हणून माझं नाव सुचवलं. त्यांना तसं सुचवायला मीच सांगितलं होतं, पण त्यांनी ते फार मोकळेपणानं केलं.

रानाचे अकरा वाफे पाडले. चिठ्ठ्या टाकून वाटप झालं. उत्साह राहावा म्हणून मी जाहीर केलं की ज्या घरची भाजी सर्वांत आधी निघेल त्याला माझ्या सहीचं प्रशस्तिपत्र मिळेल. टाळ्या पडल्या. अप्पारावांच्या डोळ्यांत तर चमक दिसली.

सरजाबाई विहिरीपाशी उभी राहून ऐकत होती. सभा संपल्यावर म्हणाली, "भाऊसाहेब, बी काय काय टाकायचं ते एकमेकांत बोललाव का?"

मी म्हणालो, "बाई, नियोजन झालेलं आहे."

१२ सप्टेंबर, बुधवार

पेरणी. तमाम मंडळी एकमेकांकडं पाठ करून, पंचा आडवा धरून पेरत होती. कोणी कोणाला काही दाखवीना. निरोगी स्पर्धा यालाच म्हणतात.

मी वाफ्याच्या कडेला धणेही टाकले. सरजाबाई जवळ येऊन थांबली. "अख्खेच पेरायलाव का?"

"मग कसे पेरायचे?"

"रगडून दोन फाका कराव्या लागत्यात. तवा उगवतंय."

मी पुडा उलटसुलट करून पाहिला. त्यावर तसं काही लिहिलेलं नव्हतं. जे लेखी नाही ते मी करत नाही. ती विहिरीकडं गेली आणि पाणी शेंदायला लागली. अकरा वाफ्यांना पाणी तीच घालते. मी सांगितलेलं नाही.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्या दसरा. आज भाजी काढण्याचा मुहूर्त मी ठरवला होता. प्रशस्तिपत्र तयार करून खिशात ठेवलं होतं, फक्त नाव टाकायचं बाकी.

माझ्या वाफ्यात मेथी शानदार आली होती. मी एक जुडी उपटून वर धरली आणि वळून बघतो तर अप्पारावांच्या हातातही मेथी. त्यांच्या पलीकडं मेथी. त्याच्याही पलीकडं मेथी. अकराच्या अकरा वाफ्यांत मेथी. लवकर येणारी भाजी म्हणून प्रत्येकानं गुपचूप तीच पेरली होती. कोथिंबीर कुठंच नाही. माझे धणे उगवले नाहीत, पुडा जुना असावा.

थोडा वेळ सगळे आपापली जुडी धरून उभे राहिले. मग शिपाई मुंजाजी म्हणाला, "भाऊसाहेब, प्रशस्तिपत्रं अकरा करावी लागतील."

मी ते खिशातच ठेवलं.

९ ऑक्टोबर, मंगळवार

अतिरिक्त उत्पादनाचा प्रश्न सोडवण्यासाठी देवाणघेवाण समिती स्थापन केली. ज्याच्याकडं जी भाजी जादा आहे ती त्यानं दुसऱ्याला द्यायची आणि त्याच्याकडची घ्यायची. पहिल्या दिवशी अकरा व्यवहार झाले. मेथीच्या बदल्यात मेथी. अप्पारावांनी तक्रार केली की त्यांनी कोवळी दिली आणि त्यांना निबर मिळाली. चौकशी चालू आहे.

१३ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी मेथीचं पिठलं, दुपारी मेथीची भाकरी, संध्याकाळी मेथी घालून वरण. मी सुमंगलाला म्हणालो, जरा काही वेगळं कर. तिनं ताट माझ्यापुढं ठेवलं. त्यात नुसती धुतलेली मेथी होती.

"ही कच्ची आहे," ती म्हणाली.

आज मला पहिल्यांदा भीती वाटली. साहेबांनी सव्वीस डिसेंबरला येऊन अकरा वाफे मेथी बघितली तर त्याला बाग म्हणतील का, आणि नाही म्हणाले तर बाई थंडीच्या दिवसांत गाठोडं घेऊन कुठं जाईल. हा विचार मी झटकला, कारण तो माझ्या कार्यकक्षेत येत नाही.

१५ ऑक्टोबर, सोमवार

परिपत्रक क्रमांक चार काढलं: यापुढे लागवडीत विविधता आणावी. तीन प्रती. एक फलकावर, एक नस्तीत, एक कडुनिंबाच्या झाडाला खिळा मारून.

सुमंगला रोज दुपारी सरजाबाईच्या झोपडीकडं जाते. बाकीच्या घरच्या बायकाही जातात. मी विचारलं, काय चालतं तिथं? म्हणाली, "गप्पा." परत आली तेव्हा कोपरापर्यंत माती होती. मी विचारलं, ही माती कसली? म्हणाली, "रंगल्या गप्पा." मी विश्वास ठेवला.

२० नोव्हेंबर, मंगळवार

महिनाभर लिहायला फुरसत झाली नाही. आज लिहितो, कारण परिपत्रक क्रमांक चारचा परिणाम पाहून मन भरून आलं.

वाफ्यावाफ्यांत वांगी, पालक, चुका, मुळा, गाजर, पातीचा कांदा. कडेनं वालाचे वेल. विहिरीच्या अंगाला हरभरा. कोथिंबिरीचा एक सबंध पट्टा. दर दोन दिवसांनी अकरा टोपल्या भरतात आणि घरोघर जातात. एका कागदाच्या ताकदीवर एवढं होऊ शकतं हे मी स्वतः पाहिलं नसतं तर मला खरं वाटलं नसतं.

सरजाबाईचाही थोडाफार हातभार आहे. ती पहाटे पाणी देते, खुरपते, रोपं लावते, कीड वेचते आणि कुठल्या घरी काय जायचं ते ठरवते. बाकी सगळं परिपत्रकानुसार.

एक गोष्ट. अप्पाराव त्यांची टोपली सरजाबाईच्या हातातून घेत नाहीत. ओट्यावर ठेवायला सांगतात आणि मग भाजी तीन पाण्यांनी धुतात. स्वच्छतेचे फार भोक्ते आहेत. सरजाबाई ओट्यावर ठेवते आणि जाते. सुमंगला मात्र त्यांच्याशी आठ दिवस झाले बोललेली नाही. काय बिनसलंय कळत नाही.

१५ डिसेंबर, शनिवार

आज एक निर्णय घेतला. त्याबद्दल इथं मोकळेपणानं लिहितो, कारण बाहेर बोलता येत नाही.

मला शेत नाही. वडिलांनाही नव्हतं. येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या, आली की आमच्या मुलखात गावं रिकामी होतात, सगळे रानात जातात, कडब्याची खोप करतात, पाच पांडवांची पूजा करतात आणि मग जेवण. सगळ्या भाज्या एकत्र करून केलेली भज्जी, भाकरी, गाडग्यातली आंबील. वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतात. ज्याला रान नाही तो दुसऱ्याच्या रानात जातो. मी वीस वर्षं दुसऱ्याच्या रानात गेलो. जेवायला सगळे प्रेमानं बसवतात, पण पाहुणा म्हणून हात धुताना दरवेळी मला कसंतरीच वाटतं. मागल्या साली तर कुणाच्याच रानात काही नव्हतं. येळवस झालीच नाही.

औंदा येळवस चोवीस तारखेला, सोमवारी आहे. आपल्या बागेत करायची.

सरजाबाईला सांगितलं. ती खुरपं खाली ठेवून उभी राहिली. "भाऊसाहेब, साहेब सव्वीसला बघायला येणार. दोन दिस आधी रान मोडायचं? सव्वीस झाली की करू की."

"येळवस काय सव्वीसला सरकवता येते का?"

"मग औंदा नगा करू. माझं ऐका."

मी म्हणालो, "बाई, तू चिंता करू नको. मी अंदाज काढलेला आहे."

तिनं खुरपं परत उचललं. मग म्हणाली, "पूजा तुमची तुमी करा. आमी त्यातलं सोडून दिलंय. चूल मी बघते."

१९ डिसेंबर, बुधवार

अंदाज असा. अकरा घरं, घरटी पाच माणसं, पंचावन्न. पाचेक पाहुणे धरून साठ. प्रत्येकी दोन मुठी भाजी. बागेचा जेमतेम सहावा हिस्सा लागेल, बाकी पाच हिस्से साहेबांच्या पाहणीला शिल्लक. कागदावर अगदी चोख बसलं.

ऑफिसच्या फलकावर निमंत्रण लावलं. मजकूर थोडा कोरडा वाटला म्हणून शेवटी एक ओळ घातली: "सर्वांनी येण्याचे करावे."

२४ डिसेंबर, सोमवार. येळवस

घडलं तसं क्रमानं लिहितो.

सकाळी मुंजाजीनं कडब्याची खोप उभी केली. पाच दगडांना चुना लावला. अप्पारावांनी पूजा सांगितली, मी केली, आंबील चारी बाजूंना शिंपडली. माझ्या पायाखाली माझं, म्हणजे आमचं, रान होतं. मला हुंदका आला. धुराचा असेल.

दहा वाजता साठ माणसं बसली. सव्वादहाला पोस्टातली मंडळी आली. फलक वाचला म्हणाली. त्यांच्यामागं शाळेतले मास्तर, बायकापोरांसह. मग टांगेवाले, टांगे रस्त्यात सोडून. मग बाजारातला शिंपी, त्याचा मेहुणा आणि मेहुण्याचं सेलूहून आलेलं वऱ्हाड. कोणाकडंच रान नव्हतं. परभणीत रान नसलेली इतकी माणसं आहेत याचा मला अंदाज नव्हता. सगळे एकच म्हणत होते, "मागल्या साली घडलं नाही, औंदा तुमच्यात."

परत कसं पाठवायचं? येळवशीला रानात पाय पडलेला माणूस उपाशी गेला असं मी ऐकलेलं नाही, आणि माझ्या रानातून पहिल्यांदा असं व्हावं हे मला सहन झालं नसतं. मी सरजाबाईकडं बघितलं. तिनं पदर खोचला आणि वांग्याच्या वाफ्यात शिरली. बायका मागोमाग. टोपल्या भरून चुलीकडं जायला लागल्या. लोक वाट बघता बघता हरभरा उपटून तिथंच खात होते. मास्तरांची पोरं गाजरं काढून पायजम्याला पुसत होती. मी मधोमध उभा राहून "प्रत्येकी दोन मुठी" म्हणत होतो. मलाच एकानं पत्रावळ देऊन खाली बसवलं.

अकरा वाजता साहेब आले.

ऑफिसात एकही माणूस नाही म्हणून शोधत आले होते. पुण्याकडच्या माणसाला येळवस काय ठाऊक. बूट, पँट, कपाळावर आठी. "हा काय प्रकार आहे? कामाच्या दिवशी?"

मी पत्रावळ पाठीमागं लपवून उभा राहिलो. मुंजाजी पुढं झाला. एरवी साहेबांपुढं त्याची मान वर होत नाही, पण आज म्हणाला, "साहेब, रानात पाय पडला. आता आधी बसायचं, मग बोलायचं."

साहेब उभेच. तेवढ्यात सरजाबाईनं त्यांच्यापुढं पत्रावळ मांडली, भज्जी वाढली, भाकरी ठेवली आणि म्हणाली, "बसा बाबा. कवाधरनं उभे हाव."

साहेब बसले. मांडी घालता येईना, मग पाय लांब करून बसले. एक घास घेतला. थांबले. दुसरा घेतला. मग तिसऱ्यांदा भज्जी मागेपर्यंत ते कोणाशी काही बोलले नाहीत. चार वाट्या आंबील झाल्यावर कडुनिंबाखाली तोंडावर रुमाल टाकून आडवे झाले. घोरत होते.

आणखी एक. अप्पाराव बाजूला बसले होते आणि आपल्या घरच्या डब्यातलं खात होते. आंबिलीचा वास त्यांच्यापर्यंत जात होता. शेवटी वाटी घेऊन उठले आणि गाडग्यापाशी उभे राहिले. सरजाबाई पळी धरून म्हणाली, "अप्पाराव, तीन पाण्यांनी धुवून देऊ का?"

बायका वळून बघायला लागल्या. अप्पारावांचा चेहरा लाल झाला. मग त्यांनी वाटी पुढं केली आणि म्हणाले, "नको. अशीच द्या." सुमंगला त्यांच्याशी लगेच बोलायला लागली. मला यातलं काही कळलं नाही. आंबील कशी धुणार?

चार वाजता मुंजाजीनं पत्रावळी मोजल्या. दोनशे ऐंशी.

२५ डिसेंबर, मंगळवार. सुटी

सकाळी रानात गेलो. रान उरलं नव्हतं. उपटलेले बुडखे, तुडवलेले वाफे, हरभऱ्याची टरफलं. वालाचे वेल ओढून काढलेले. एक मुळा सापडला, तोही अर्धा खाल्लेला. साठ माणसांच्या हिशेबाचा कागद अजून खिशात होता. तो मी फाडला.

दिवसभर बसून साहेबांसाठी अहवाल लिहिला. चौदा पानं. पहिल्या आठ पानांत दुष्काळाचा इतिहास आहे.

संध्याकाळी झोपडीकडं गेलो. सरजाबाई गाठोडं बांधत होती. दोन पातेली, एक घोंगडी, बाबासाहेबांची तसबीर लुगड्यात गुंडाळून वर ठेवलेली. मला बघून म्हणाली, "जय भीम भाऊसाहेब. उद्या साहेब म्हणायच्या आधी आपणच तयार ऱ्हावं."

मी म्हणालो, "बाई, मी तुमचं ऐकलं नाही."

ती म्हणाली, "ऐकलं असतं तर लोक उपाशी गेले असते. जाऊ द्या. माणसं लय जेवली काल."

रागावली असती तर बरं वाटलं असतं. घरी आलो. जेवण गेलं नाही. सुमंगलानं विचारलंसुद्धा नाही, शेजारी येऊन बसून राहिली.

२६ डिसेंबर, बुधवार

साहेब अकराला आले. हातात मोजपट्टी, मागं मुंजाजी जाळी आणि दोन खांब घेऊन. अकरा घरची माणसं कडेला उभी. सरजाबाई झोपडीच्या दारात, गाठोडं पायाशी.

साहेब बांधावर उभे राहिले आणि सगळीकडं बघून म्हणाले, "बाग कुठे आहे?"

मी अहवाल उघडला. "सन अठराशे शहात्तरच्या दुष्काळात..."

"शेवटचं पान सांगा."

शेवटच्या पानावर असं होतं की ही बाग माझ्या नियोजनातून, माझ्या परिपत्रकांतून आणि माझ्या देखरेखीखाली उभी राहिली. मी ते वाचायला तोंड उघडलं. समोर ते गाठोडं होतं. मी कागद मिटला.

"साहेब," मी म्हणालो, "मला मेथी सोडून काही लावता येत नाही. धणे रगडून पेरतात हे मला सांगून कळलं नाही. ही बाग या बाईंनी केली. पाणी त्यांचं, रोपं त्यांची, मेहनत त्यांची. आणि ती परवा मोडली मी. येळवस करू नका म्हणून त्यांनी हात जोडून सांगितलं होतं. जी काय शिक्षा असेल ती मला करा, माझी बदली करा. त्यांना काढू नका. त्यांच्याकडं जायला दुसरी जागा नाही."

हे सगळं कुठून आलं मला माहीत नाही. सुमंगला डोळे पुसत होती.

साहेब म्हणाले, "अट अकरा घरांची होती."

तेव्हा अप्पाराव पुढं आले. "साहेब, परवा इथं दोनशे ऐंशी माणसं जेवली. अकरा घरं त्यातच आली. मी स्वतः बाईंच्या हातची आंबील चार वाट्या प्यालो."

यात विशेष नोंद घेण्यासारखं काही नव्हतं, साहेबांनीही चारच प्यायल्या होत्या. पण सरजाबाईंनी पहिल्यांदा अप्पारावांकडं नीट बघितलं.

साहेब वाफ्यात उतरले. बुटानं माती उकरली. मग सरजाबाईंना विचारलं, "त्या भाजीत आंबट काय होतं?"

"चुका."

"इथलाच?"

"तुमी जिथं उभे हाव, तिथलाच."

साहेबांनी पाय उचलून बाजूला ठेवला. "परत कधी येईल?"

"आज बी टाकलं तर महिन्या-सव्वा महिन्यानं. पण बी टाकायला माणूस जागेवर पायजे."

साहेबांनी जाळीकडं बघितलं, मग गाठोड्याकडं. मग ते मला म्हणाले, "अनंतराव, लिहा."

अहवालाच्या मागल्या बाजूला मी लिहिलं. एक, कोर्ट गोदामामागे आखावे. दोन, बागेचा संपूर्ण जिम्मा सरजाबाईंकडे राहील व त्या आहेत तिथेच राहतील. तीन, अनंतराव यांनी सरजाबाईंच्या परवानगीशिवाय बागेसंबंधी कोणताही निर्णय, परिपत्रक अथवा अंदाज काढू नये.

घरी येऊन सुमंगलाला दाखवलं. आदेशाच्या तीन कलमांपैकी एक सबंध कलम माझ्या एकट्यावर आहे. बावीस वर्षांत कुठल्या साहेबांनी माझी एवढी दखल घेतली नव्हती. ती हसत हसत आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मी खिडकीतून बघितलं. सरजाबाई गाठोडं सोडत होत्या.

६ जानेवारी १९७४, रविवार

कलम तीनला अनुसरून सरजाबाईंकडं बागेत काम मिळण्याबाबत रीतसर अर्ज केला. तीन प्रती. त्यांना वाचता येत नाही म्हणून सुमंगलानं वाचून दाखवला. "विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की" इथपर्यंत आल्यावर दोघी जमिनीवर बसल्या आणि पुढचं वाचणं काही झालं नाही.

अर्ज मात्र मंजूर झाला. नवीन बी टाकलेल्या वाफ्यांवर चिमण्या उतरतात आणि दाणे टिपून नेतात. त्यांना हाकलण्याचं काम मला मिळालं. सरजाबाईंनी एक रिकामा डालड्याचा डबा आणि एक काठी दिली. जबाबदारीचं पद आहे. बी गेलं तर बाग गेली.

सात ते अकरा बसलो. सुरुवातीला डबा वाजवायचा संकोच वाटला, क्वार्टरांतून लोक बघत होते. नंतर वाटेनासा झाला. साहेब खांद्यावर बॅट टाकून गोदामाकडं जाताना थांबले, म्हणाले, "चुका उगवला का?" मी म्हणालो, "चौकशी चालू आहे." मग वाकून बघितलं तर मातीतून दोन हिरवी पानं वर आली होती. ती चुक्याची आहेत की कशाची मला सांगता आलं नाही, पण मी सरजाबाईंना ओरडून बोलावलं आणि त्या धावत आल्या. चुकाच होता.

जाताना म्हणाल्या, "उद्या बी या. चार दिस पाखरं लय त्रास देत्यात."

उद्या सोमवार, ऑफिस. मी चार दिवसांच्या रजेचा अर्ज आत्ताच लिहून ठेवला. कारणाच्या जागी थोडा वेळ पेन थांबलं, मग लिहिलं: घरची शेती.